डिकीतून आलेला होकार

थांबारावांचं खरं नाव काहीतरी वेगळंच होतं, पण ऑफिसात ते फक्त पगाराच्या दिवशी वापरात येई. एरवी कुणी काहीही विचारो, अगदी "चहा घेणार का?" असं जरी विचारलं, तरी त्यांच्या तोंडून आधी "थांबा, जरा बघू" निघायचं, आणि त्यांचं बघून होईतो चहा निवून जायचा. हुद्द्याने ते हिशेबतपासनीस. फाईल समोर आली की कोपऱ्यात लाल शाईने "अधिक चौकशी व्हावी" असा शेरा मारायचा आणि ती आल्या वाटेने परत पाठवायची, हे काम त्यांनी जन्मभर इमानेइतबारे केलं. (लग्नाच्या वेळीसुद्धा ते "थांबा" म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात नवरीने "हो" म्हणून टाकलं. नाहीतर ती फाईलही अजून टेबलावरच असती.)

तर अशा माणसाच्या घरात गाडी घ्यायचा विषय निघाला, म्हणजे बघा!

विषय काढला बायकोने. ती नर्स. शहराबाहेर नवं हॉस्पिटल उघडलं होतं आणि तिथल्या मेट्रनच्या जागेसाठी तिला बोलावणं आलं होतं. पण सकाळची पाळी पहिल्या बसच्याही आधी सुरू व्हायची. गाडी असेल तर जमणार, नसेल तर जागा दुसऱ्या कुणाला जाणार. काय ते सोमवारपर्यंत कळवायचं होतं. बायकोला गाडी उत्तम चालवता यायची. लग्नाआधी वडिलांची गाडी तीच हाकायची.

शोधाशोध करता करता तिला एक गाडी सापडली. भूगोलाचे एक निवृत्त मास्तर होते, त्यांची. गाडी जुनी, पण चाललेली इतकी कमी की सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून निघालं नव्हतं. मेकॅनिकने दोन्ही बाजूंनी फिरून पाहिलं, बॉनेटमध्ये डोकं घातलं, खाली झोपला आणि उठून हात पुसत म्हणाला, "उभ्या गाडीचंही वय होतं साहेब. टायर बदला, बॅटरी बदला, रबरी पाईप बदला. बाकी इंजिन नवं आहे. डोळे झाकून घ्या."

"डोळे झाकायचे कशाला?" थांबारावांनी लगेच विचारलं.

झालं! तिथून त्यांच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. इतकी वर्षं गाडी दारात आणि चालली नाही? का नाही चालली? मग ते मास्तरांनाच धरून बसले.

"मास्तर, गाडी एवढी कमी का हो चालली?"

"योग आला नाही," मास्तर म्हणाले आणि छताकडे बघायला लागले.

"म्हणजे अपघात वगैरे?"

"छे छे!"

"मग मीटर मागे फिरवलाय?"

"अहो, मी शाळेत होतो, सर्कशीत नव्हतो," मास्तर भडकले, पण कारण काही सांगेनात. जगातल्या सगळ्या नद्या उगमापासून मुखापर्यंत सांगणारा माणूस या एका प्रश्नाला बगल देतो म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय, असं थांबारावांनी पक्कं ठरवलं. घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं, "खोट आहे गाडीत. विषय संपला."

 बायकोने फक्त गॅस बंद केला आणि ताटं घेतली. (नवऱ्यांनो, बायको भांडली तर निर्धास्त राहा. गप्प बसली तर मात्र जरा शोध घ्या.)

थांबाराव मात्र अस्वस्थ. खोट आहे म्हणावं तर सापडत नाही, आणि नाही म्हणावं तर इतक्या वर्षांचा लौकिक जातो. शेवटी शनिवारी ऑफिस अर्ध्यावर टाकून ते गुपचूप पुन्हा मास्तरांकडे गेले. बायकोला सांगितलं होतं, आज ऑफिसात काम आहे. फोन मुद्दाम टेबलाच्या खणात ठेवून आले, म्हणजे निदान फोनपुरतं तरी ते खरं राहील.

मास्तरांचं गॅरेज म्हणजे दोन खांबांमध्ये कशीबशी कोंबलेली जागा. पुढे गल्लीचा उतार. गाडी उलटी आत घातलेली, तोंड गल्लीकडे, आणि डिकी मागच्या अंधारात. थांबारावांना डिकीच बघायची होती. ऑफिसातल्या एका जाणकाराने (त्याच्याकडे सायकल होती) सांगितलं होतं की गाडीचा खरा गंज डिकीतल्या सतरंजीखाली असतो.

"बघा, काय बघायचं ते बघा," मास्तर म्हणाले. "मी चष्मा शोधून कागदपत्रं आणतो." आणि ते आत गेले.

थांबारावांनी डिकी उघडली, वाकून पाहिलं. कोपरा दिसेना. आणखी वाकले. तरी दिसेना. मग एक पाय आत टाकला, मागोमाग दुसरा टाकला, आणि गुडघ्यांवर बसून सतरंजीचं टोक उचललं. खाली गंजाचा ठिपका नव्हता. आता मात्र त्यांना फारच संशय आला. एवढ्यात वर कुठेतरी 'खट्' झालं, आणि डिकीचं झाकण त्यांच्या पाठीवर पडून बंद झालं.

ते ओरडणारच होते. पण गॅरेजच्या तोंडाशी बोलणं ऐकू आलं.

"किल्ली गाडीलाच असते बघ. चल, एक फेरी मारून येऊ." हा मास्तरीणबाईंचा आवाज.

"पटकन येऊ हं काकू. घरी मी ड्युटीवर आहे असं सांगून आलेय." हा आवाज बायकोचा!

थांबारावांनी उघडलेलं तोंड मिटलं. आता ओरडावं तर 'ऑफिसात' असलेला नवरा डिकीत सापडणार. न ओरडावं तर... तेवढ्यात इंजिन सुरू झालं आणि प्रश्न निकालात निघाला. गाडी अलगद उतारावर आली. पहिल्या वळणाला थांबाराव डावीकडे गेले, दुसऱ्या वळणाला स्टेपनी त्यांच्या अंगावर आली. मग गतिरोधक आला.

"आई गं!"

"काकू, मागून काही आवाज आला का?"

"स्टेपनी असेल गं. सवय नाही बिचारीला रस्त्याची."

"स्टेपनी 'आई गं' म्हणते?"

"रस्त्यावर कुणीतरी म्हणालं असेल," मास्तरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी आवाज खाली आणला. खाली म्हणजे तसा नाही, डिकीत स्पष्ट ऐकू येत होता. "तुला खरं सांगू? ह्यांनी गाडी चालवली नाही ती भीतीपायी. बाहेर काढायची नाही गं, परत आत घालायची! दोन खांबांच्या मधून उलटी घालायची म्हटलं की ह्यांना घाम फुटायचा. शेजारचा जावई सुट्टीला आला की तेवढी गाडी बाहेर निघायची. अख्खं जग नकाशावर हिंडला गं माणूस, पण गॅरेज काही जिंकता आलं नाही. कुणाला सांगू नकोस हं. लाज वाटते त्यांना."

डिकीत थांबारावांनी कपाळावर हात मारून घेतला. (हात मारायलाही जागा नव्हती. जेमतेम टेकवला.) एवढंच कारण? चौकशी अशी पूर्ण झाली होती आणि शेरा मारायला पेन मिळत नव्हतं.

"किती हलकी चालते हो काकू!" बायको म्हणाली, आणि चक्क गुणगुणायला लागली. थांबारावांनी तिला गुणगुणताना ऐकून कैक वर्षं झाली होती.

"मग घेऊन टाक ना. सोमवारी 'येते' म्हणून कळवून टाक."

गुणगुणणं थांबलं. "नाही हो. आज एकदा चालवायची हौस होती, ती भागवून घेतली. सोमवारी मी 'नाही' कळवणार आहे."

"अगं, पण का?"

"ह्यांच्या मनात नाही. हट्ट केला तर देतील हो, नाही असं नाही. पण मग मी घरी येईपर्यंत खिडकीतून हलायचे नाहीत. घास जायचा नाही त्यांच्या घशाखाली. जीव फार लावतात, म्हणून तर एवढं घाबरतात. जाऊ दे. माझा जुना वॉर्ड आहेच की."

 ही बाई उभ्या जन्मात त्यांच्या "थांबा"ला कंटाळली नव्हती, आणि आता त्याच "थांबा"पायी एवढी मोठी जागा सोडून देणार होती, तेही त्यांना कळू न देता. डोळे भरून आले. नाकात सतरंजीची धूळ गेली. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि तोंडाला सवयीप्रमाणे "थां..." आलंसुद्धा. पण माणसाने तो शब्द गिळला. आयुष्यात पहिल्यांदा गिळला, आणि होता नव्हता तेवढा जीव एकवटून ओरडला:

"घे! घे गाडी! माझं हो आहे! हो, हो, हो!"

करकचून ब्रेक लागला. पुढे दोन किंकाळ्या झाल्या, आणि मागे कपाळ स्टेपनीवर आपटल्याचा दणका झाला. जरा वेळाने डिकी उघडली. बायकोच्या हातात चप्पल होती. ती हळूहळू खाली आली.

"तुम्ही ऑफिसात होतात ना?"

"तू ड्युटीवर होतीस ना?"

 मग बायकोला जे हसू फुटलं, ते तिला आवरेना. हसता हसता तिने त्यांच्या केसांतली जळमटं काढली आणि पदराने डोळे पुसले. आधी त्यांचे, मग स्वतःचे.

"खरंच हो म्हणालात?"

"शुद्धीवर असताना म्हणालो," थांबाराव म्हणाले. "पण लवकर लिहून घे."

मास्तरीणबाईंनी त्यांना मागच्या सीटवर बसवलं. परत आल्यावर बायकोने गाडी उलटी घेतली आणि दोन खांबांमधून एका दमात अशी आत नेली की कडेला उभे असलेले मास्तर आ वासून बघतच राहिले. त्यांचा चष्मा सापडला होता. कागदपत्रंही हातात होती. त्यांनी स्टिअरिंगवरच्या बाईंकडे पाहिलं, मग धुळीने माखलेल्या थांबारावांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. एवढ्या वेळात काय घडलं ते मास्तरीणबाईंनी त्यांच्या कानात सांगितलं.

"ठरलं तर. कागद कुणाच्या नावावर करायचे?" मास्तरांनी विचारलं.

थांबारावांनी सदरा झटकला, छाती पुढे काढली आणि घरातल्या कर्त्या पुरुषाच्या आवाजात म्हणाले, "अर्थातच माझ्या."

मास्तरांनी शांतपणे कागद उचलले आणि थांबारावांच्या बायकोच्या हातात दिले.

"तुमच्या नावावर करा हो ताई," ते म्हणाले. "यांच्या नावावर गेली तर माझ्याहून कमी चालेल."