धुक्याचे दिवे

दर रविवारी सकाळी नऊ वाजता आमची गल्ली बेनीकाकांची गाडी ढकलते. मागच्या अंगणातून आधी उलटी, मग रस्त्यावर आणून सुलटी. काका स्टिअरिंगवर ताठ बसून "ढकला" एवढंच म्हणतात. शेजारी एस्तेरकाकू मांडीवर मासळीची पिशवी घेऊन बसलेल्या असतात. मी एकदा म्हटलं, "काका, काकूंना नाक्यावरून घ्या की. तेवढंच वजन कमी." काका म्हणाले, "ती पुढं बसली की गाडी सरळ जाते. कारण आहे."

"कारण आहे" हे काकांचं ठरलेलं उत्तर. कारण काय ते मात्र कधीच बाहेर येत नाही. भर मे महिन्यात अंगात कोट का? कारण आहे. बशीत ओतलेला चहा पुन्हा कपात का? कारण आहे. भाऊबहिणी, एकुलती एक मुलगी, सगळी इस्रायलला गेली, मग तुम्ही दोघंच पनवेलात का राहिलात, असं विचारलं तेव्हा मात्र सविस्तर उत्तर मिळालं. "गाडी सामानात बसत नव्हती."

पूर्ण नाव बेंजामिन नवगावकर. बेने इस्रायली, म्हणजे देव यहुद्यांचा आणि भांडण अस्सल मराठीत. नोकरीची सगळी वर्षं गोदीत जहाजांचे नकाशे काढण्यात गेली. त्यामुळे खिशात रुमाल नसेल, पण टेप असते. भाजीवाल्याकडे भेंडीची लांबी मोजणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. गाडी वडिलांची, काळी, इंग्लंडहून बोटीनं आलेली. तिला कापड मारायचं ते वरून खाली. आडवं मारलेलं चालत नाही.

एस्तेरकाकूंचे डोळे दोन वर्षांपासून जात चाललेत. डोळ्याच्या पडद्याचा आजार. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही, आहे तेवढं टिकवू. काकू म्हणतात, "मधोमध धुकं बसलंय रे. कडेकडेनं तू दिसतोस, आणि तेवढा पुरेसा आहेस." रविवारी उरण नाक्यावर त्या मासा बोटांनी तपासतात. खवलं हाताला लागलं तरच घ्यायचा, बिनखवल्याचा त्यांच्या धर्मात चालत नाही. कोळीण म्हणते, "आजी, तुमी आंधल्या नाय, तुमी इन्स्पेक्टर हाय."

तर गेल्या वर्षी होळीच्या सुमारास काकांनी जाहीर केलं की गाडीचे गंजलेले फॉग लाइट काढून नवे बसवायचे. आता पनवेलात धूळ आहे, धूर आहे, उकाडा तर बारमाही आहे. धुकं लागतं ते खंडाळ्याच्या घाटात, आणि काकांची गाडी इथल्याच कोन गावाच्या पुढं गेलेली कोणी पाहिलेली नाही. गल्लीनं यथेच्छ हसून घेतलं. मीही हसलो.

रोडपालीजवळ ट्रकांची वायरिंग करणारा अस्लम आला. काकांनी टेप काढली. "जमिनीपासून तीन फूट दोन इंच. दोघांमध्ये दीड फूट."

"काका, फॉग लाइट बंपरच्या खाली लावतात, दूर दूर," अस्लम म्हणाला. "हे तर नाकावर चष्मा लावल्यासारखं होईल. खुदा के वास्ते, गाडी चकणी दिसेल."

"दिसू दे. कारण आहे."

मग रंग. पिवळा हवा, पण कुठला पिवळा? अस्लमनं आणलेली पहिली जोडी लिंबासारखी निघाली, दुसरी झेंडूसारखी. काका म्हणाले, "खोबरेल जळताना दिसतो ना, तो." अस्लमनं कपाळावर हात मारला. "काका, बल्ब वॅटवर मिळतो, तेलावर नाही मिळत." तरी पाचव्या खेपेला तसा रंग मिळाला. वेगळी वायर, वेगळा रिले, फ्यूज, स्विच, सगळं चोख झालं. अर्थिंग मी स्वतः तपासलं, कारण माझी हयात वीज खात्यात गेली आहे.

आणि त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी बॅटरी मेली. पुढच्याही. त्याच्या पुढच्याही. सोमवारपासून शुक्रवारपर्यंत गाडी ठणठणीत, रविवारी मुडदा. अस्लमनं दोनदा बॅटरी बदलली, वायर न् वायर तपासली. गळती कुठंच नाही. काकांना विचारलं तर ते आभाळाकडे बघत.

माझा मात्र आता हा अब्रूचा प्रश्न झाला होता. तीस वर्षं मी लोकांनी तारांवर टाकलेले आकडे पकडले, चोरीच्या विजेवर चाललेल्या पिठाच्या गिरण्या पकडल्या, आणि घरासमोरच्या एका गाडीतला करंट कोण नेतंय ते मला सापडू नये? शुक्रवारी काका गाडी मागच्या अंगणात लावतात, हे मला ठाऊक होतं. म्हणजे चोर तिथलाच. एका शुक्रवारी संध्याकाळी ऊन कलल्यावर मी त्यांच्या पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसलो. मच्छरांनी माझी पेन्शन तिथंच वसूल केली.

काकांनी गाडी आणली. जमिनीवर चुन्याची रेघ होती, तिच्यावर नेमकं पुढचं चाक. गाडीचं तोंड स्वयंपाकघराच्या खिडकीकडे. खिडकीत डोक्यावरून ओढणी घेतलेल्या एस्तेरकाकू उभ्या होत्या. कट्ट्यावर खोबरेलाचे दोन काचेचे पेले. त्यांनी चाचपडत वाती लावल्या, दोन्ही हात डोळ्यांवर धरले आणि पुटपुटायला लागल्या. त्याच वेळी काकांनी गाडीत हात घालून स्विच दाबला. दोन पिवळे दिवे पेटले, बरोबर त्या दोन ज्योतींच्या मागं. त्याच उंचीवर, तेवढ्याच अंतरावर.

काकूंनी हात खाली घेतले. समोर बघितलं. आणि बघतच राहिल्या.

मला शिंक आली. पकडलो गेलो मीच.

काकांनी मला पायरीवर बसवलं आणि पहिल्यांदाच कारण सांगितलं, अगदी हळू आवाजात. "शुक्रवारी सांजेला आमचा शब्बाथ सुरू होतो, तो शनिवारी चांदण्या निघेपर्यंत. त्याचे दिवे बाईनं लावायचे. डोळ्यांवर हात धरून प्रार्थना म्हणायची, आणि हात काढला की समोर दिवे दिसायला हवेत. चौपन्न वर्षं लावतेय ती. गेल्या वर्षी एका शुक्रवारी हात काढला आणि मला विचारलं, 'विझले का हो?' दोन्ही पेटलेले होते."

"मग?"

"मग काय? मोजलं."

"पण काका, नंतर स्विच बंद करायला काय होतं?"

"हा दिवा विझवायचा नसतो. तेल संपलं की तो आपला विझतो. इथं करंट संपतो." मग माझा दंड धरून म्हणाले, "तिला माहीत नाही हं. आपलेच दिवे दिसतात असं वाटतं तिला."

मला त्यांच्याकडे बघवेना. मी घरी आलो आणि त्या रविवारी सगळ्यांच्या आधी ढकलायला जाऊन उभा राहिलो.

दोन महिन्यांनी, काका दुकानात गेलेले असताना, एस्तेरकाकूंनी मला खिडकीतून हाक मारली. "अरे, त्या अस्लमला जरा सांग. उजवा दिवा मंद झालाय."

मी म्हटलं, "कुठला उजवा, काकू?"

"वेड पांघरू नकोस. खोबरेलाच्या दिव्याला पेट्रोलचा वास येतो का कधी? ह्यांना सांगू नकोस फक्त. त्यांना वाटतं मला कळत नाही. वाटू दे."

दुसऱ्या दिवशी काका नसताना अस्लम आला. त्यानं दोन्ही दिवे लावून पाहिले, काचा पुसल्या, मीटर लावला. दोन्ही अगदी सारखे होते. मंद झालं होतं ते दिव्यात नव्हतं. मग अस्लमनं उजव्या बाजूला जास्त वॅटचा बल्ब बसवला. मी काकूंना सांगितलं, "वायर ढिली होती. घट्ट केली." शनिवारी चांदण्या निघाल्यावर काकूंनी खिडकीतून सांगितलं, "आता बरा आहे."

रविवारी आम्ही गाडीमागं उभे राहिलो. काका स्टिअरिंगवर बसले नाहीत. पुढं येऊन दिव्यांपाशी वाकले आणि मग माझ्याकडे आले. जहाजांचे नकाशे काढलेला माणूस, त्याच्या नजरेतून काय सुटणार?

"उजवा जास्त उजळत होता परवा. का?"

"कारण आहे, काका."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग गाडीत पिशवी घेऊन बसलेल्या एस्तेरकाकूंकडे बघितलं. खिशातली टेप काढली, पुन्हा आत ठेवली, जाऊन काकूंशेजारी बसले. बराच वेळ "ढकला" म्हणालेच नाहीत. शेवटी काकूच म्हणाल्या.