गिरणीवाल्याची मांजर

रविवारी दुपारची जेवणं उरकली की नाइग केरद्रू टेबल पुसायची, केसांवरून ओला हात फिरवायची आणि संगणकासमोर बसून धाकट्या बहिणीला हाक मारायची. बहीण सोआझ रेन शहरातल्या शुश्रूषागृहात. पक्षाघाताचा झटका आल्यापासून तिची वाचा गेली होती. स्वतःचं नावसुद्धा ओठांवर येत नसे. गाणं तेवढं राहिलं होतं, विझल्या चुलीत एखादा निखारा राहावा तसं.

फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या डोंगराकडचं ते गाणं जोडीचं. एकीने ओळ सोडायची, दुसरीने तिचं शेपूट जमिनीला टेकण्याआधी झेलायचं, ते परत म्हणायचं आणि पुढे उत्तर जोडायचं. नाइग म्हणायची, "गिरणीवाल्या, सांग बाबा, तुझी मांजर पांढरी कशी?" पडद्यावरची सोआझ तिच्या ओठांकडे टक लावून झेलायची, "मांजर पांढरी कशी... पीठ साऱ्या गावाचं, पांढरी तिची मिशी." ओठ दिसले नाहीत तर सोआझला शेपूट सापडत नसे, त्यामुळे फोनचा उपयोग नव्हता. गाडीने जायचं तर रेन तीन तास लांब, आणि नाइगच्या कंबरेला पाऊण तासापलीकडचं फ्रान्स मान्य नव्हतं.

सोआझचा मुलगा गुलवेन गावच्या कचेरीत चिटणीस. आईला आठवडाभर पाहता यावं म्हणून त्याने एका रविवारचं गाणं, स्वतःची जोडणी नसल्याने मावशीच्या जोडणीवरून, इंटरनेटवर चढवलं. चारच दिवसांत तो तोंड पाडून आला.

"मावशी, इशारा आलाय. तू चोरी केलीस म्हणतात."

"कसली?"

"गाण्याची. ते पॅरिसच्या एका कंपनीचं आहे."

"गाणं माझ्या आजीचं. तिने तिच्या आजीकडून घेतलं. ती पॅरिसला कधी गेली होती?"

"एक दाढीवाला कॅमेरा घेऊन आला होता म्हणे, तू तरुण होतीस तेव्हा. धान्याच्या कोठारात तुझं एकटीचं चित्रण केलं."

"हो. घावन खाऊन गेला. अख्खं लोणी संपवलं मेल्याने."

"त्याने सही घेतली होती का?"

"कागद पुढे केला होता खरा. घरी आलेल्या माणसाचा हात मागे लोटायचा का?"

दाढीवाल्याची कंपनी दुसरीने गिळली होती, दुसरीला तिसरीने. तिसरीकडे एक यंत्र होतं. ते दिवसरात्र साऱ्या देशाची गाणी ऐकत बसे आणि त्याला एकही आवडत नसे. त्याने इशाऱ्यात आणखी एक गुन्हा नोंदवला होता: दुसरा आवाज पहिल्या आवाजाची ओळीमागून ओळ नक्कल करतो.

"नक्कल नव्हे रे, ते उत्तर आहे."

"यंत्राला उत्तर कळत नाही, मावशी."

त्या मुलखात कुणी टोमणा मारला तर तो तसाच लोंबकळत ठेवत नाहीत. त्याच चालीवर उलटी ओळ गाऊन परत पाठवतात. नाइगने तेच केलं. गुलवेन कचेरीत असताना तिने एकटीने, चष्मा नाकावर सरकवत, पॅरिसच्या मांजरीच्या मिशीवर तीन कडवी रचली, गायली आणि चढवली. चाल तीच, म्हणून दुसरा इशारा आला. दुसऱ्याला उत्तर दिलं नाही तर गाव काय म्हणेल? तिने त्यालाही उत्तर गायलं. तिसऱ्या वेळी कायद्याप्रमाणे तिची इंटरनेटची जोडणी तोडण्यात आली.

"तू गप्प का नाही बसलीस?" गुलवेन डोकं धरून म्हणाला.

"आधी त्यांनी सुरुवात केली."

रविवार येत गेले. नाइग टेबल पुसून काळ्या पडद्यासमोर बसायची. मग त्या चित्रणातली बाई आपणच, अशी तिने तक्रार केली, आणि जोडणी तोडणाऱ्या सरकारी खात्यातल्या लाफार्ग नावाच्या अधिकाऱ्याने फोनवर सुनावणी घेतली.

"मादाम, चित्रणातली बाई तुम्हीच, याला पुरावा?"

"मीच आहे की."

"तसं सगळेच म्हणतात."

"मग ऐका." तिने फोनमध्ये मांजर गायली, दम लागेपर्यंत.

पलीकडे कळफलक खडखडला. "यंत्र म्हणतं, आवाज जुळत नाही."

"मधे दात गेले, नवरा गेला. आवाज एकटाच मागे थांबेल होय?"

"यंत्रात वयाची सोय नाही, मादाम."

"याच यंत्राने सांगितलं ना, गाणं तेच म्हणून?"

"गाणं तेच आहे. बाई ती नाही." मग तो जरा मवाळ झाला. "तुमचं वय बघता मी जोडणी लवकर सुरू करून देतो. फक्त लिहून द्या, की त्या चित्रणातली गायिका मी नव्हे, आणि तिचं गाणं पुन्हा चढवणार नाही."

"आणि बहिणीशी बोलायचं?"

"बोला की. घरगुती बोलण्यावर बंदी नाही."

नाइगने खिडकीबाहेर पाहिलं. धुक्यात कोठाराचं छप्पर दिसत होतं. गाणं की बहीण, एवढाच सवाल होता. तिने सही केली. सह्यांचा तिला सरावच होता.

सफरचंदं उतरवायच्या दिवसांत जोडणी आली. रविवारी तिने टेबल दोनदा पुसलं. गुलवेन शेजारी बसला. पडद्यावर सोआझ आली, स्वच्छ, विंचरलेली. नाइगने ओळ सोडली.

शेपूट कुणी झेललं नाही. सोआझ तिच्या खांद्यावरून पलीकडे पाहत होती, कुणीतरी यायचं राहिल्यासारखी.

परिचारिका बेरांजेर पुढे आली. "वाईट वाटून घेऊ नका हं आजी. मधे या फार रडायच्या. म्हणून आम्ही त्या कंपनीकडून एक चित्रण घेतलं, वर्गणी भरून. रोज दुपारी लावतो. त्यात एक तरुण बाई गाते, आणि या लगेच उत्तर देतात. आता त्यांना तीच लागते." मग सहज विचारलं, "तुमच्याच भागातली वाटते. ओळखता का तिला?"

गुलवेनने तोंड उघडलं. नाइगने टेबलाखालून त्याचा गुडघा दाबला.

"नाही," ती म्हणाली. "पण गाते बरी. लावा."

बेरांजेरने लावलं. कोठारातल्या पिवळ्या उजेडात काळ्या केसांच्या बाईने गिरणीवाल्याला हाक मारली, आणि सोआझचा चेहरा पहाटेसारखा उजळला. तिने शेपूट हवेतच पकडलं.

"मावशी, तूही गा ना," गुलवेन हळूच म्हणाला.

नाइगचे ओठ हलत होते, आवाज नव्हता.

"नको रे," ती म्हणाली. "दुसऱ्या बाईचं गाणं आहे."