फक्त हात बसवायचे राहिलेत

ज्या दिवशी लातूर जिल्हा झाला, त्या दिवशी माझी आई वारली. मी सातवीत होते.

पुण्यानुमोदनाला पाहुणे जमले. वंदना झाली, जेवणं झाली आणि अशा घरात जो विषय निघतोच तो निघाला. आता चूल कोण बघणार? अहमदपूरच्या आत्यानं माझ्याकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं. पोरीच्या जातीला सातवी म्हणजे पुष्कळ झाली, असंही कुणीतरी म्हणालं. तेव्हा भिंतीला टेकून बसलेले माझे वडील, आबा, म्हणाले, "सैपाकाला मानूस येनार हाय. लोखंडाचा."

दुःखात माणूस काहीही बोलतो असं समजून पाहुण्यांनी ते सोडून दिलं. आबांनी सोडलं नाही.

आबा पाण्याच्या मोटारी भरायचे. शेतातली मोटार जळाली की तिची काळी पडलेली तार काढायची आणि नवी तांब्याची तार भरायची, हा त्यांचा धंदा. पण त्या सुमाराला पाऊसच नव्हता. विहिरी आटल्या की मोटार चालत नाही, आणि चाललीच नाही तर जळणार कशी? आबा दुकानाच्या पायरीवर बसून रिकाम्या आभाळाकडे पाहत राहायचे. लोकांना वाटायचं, मिस्त्री पावसाची वाट बघतोय. आबा आभाळात यंत्रमानव बघत असायचे.

न्हाव्याच्या दुकानात पडलेल्या एका वर्तमानपत्रात त्यांना तो भेटला होता. जपानचा. हातात ट्रे धरून उभा. ते चित्र त्यांनी कापून आणलं आणि दुकानात डकवलं. ज्याला ताट धरता येतं त्याला भाकरी थापता येणारच, मधलं अंतर फक्त तारेचं आहे, असं त्यांचं मत होतं. मी शाळेतून आले की ते त्याच्याबद्दल सांगायचे, हळू आवाजात, लांबच्या नातलगाबद्दल सांगावं तसं. तो धुराला खोकणार नाही. एकदा सांगितलेलं विसरणार नाही. चहात साखर बेतानं घालेल. "आन् आजारी पडनार न्हाई," असं म्हणून ते पुन्हा आभाळाकडे बघायचे.

नवा जिल्हा झाला होता. गावात सगळ्यांनाच वाटत होतं की आता सगळं येणार. पाणी येणार, कारखाने येणार, मोठी रेल्वे येणार. मग यंत्रमानवानंच काय घोडं मारलंय, असा आबांचा सवाल. त्यांनी माझ्याकडून नव्या कचेरीला अर्ज लिहून घेतला. विषय: स्वयंपाकासाठी यंत्रमानव मिळणेबाबत. मी अक्षर चांगलं काढलं होतं. तिथल्या कारकुनानं तो दोनदा वाचला आणि अदबीनं सांगितलं की या विषयाचं टेबल अजून जुन्या जिल्ह्यातून आलेलं नाही. आबा खूश होऊन घरी आले. टेबल निघालंय म्हणजे काम होणार.

मधल्या काळात आत्यानं त्यांच्यासाठी औशाचं एक स्थळ काढलं. मुलीचे भाऊ आणि चुलते घरी आले. मी चहा ठेवला. आबांनी पाहुण्यांना मोकळेपणानं सांगून टाकलं, "आमचं ठरलंय. घरात येनारच हाय. फक्त हात बसवायचे राहिलेत."

चुलत्यांनी कपबशी खाली ठेवली. मग त्यांनी दबक्या आवाजात विचारलं की अपघात कुठं झाला.

"अपघात न्हाई ओ. मी पैल्यापासून बिनहाताचंच धरलंय. हात काय, मागून बसवता येत्यात."

चहा निवायच्या आत पाहुणे उठले. पुढं वर्षभर औशात बोललं जात होतं की लातूरचा एक मोटार मिस्त्री हात नसलेल्या बाईशी लग्न करतोय, आणि काय मन आहे माणसाचं.

शेवटी हात बसले. म्हणजे एकच बसला. पंख्याची मोटार, तिच्यावर फिरणारा लाकडी पाट आणि वरून आपटणारा एक पंजा. पंजा जुन्या सायकलच्या सीटचं रेक्झिन भरून केलेला, बिनबोटांचा. पाटावर पिठाचा गोळा ठेवला, बटण दाबलं आणि भाकरी फुटली. आबांनी फेरे कमी केले. फुटली. तारेचे वेढे वाढवले. फुटली. पंजाला फडकं गुंडाळलं, तरी फुटली. तोवर आमचं पोट शेजारच्या जैबूनखालांच्या हातावर चाललं होतं. त्या रोज फडक्यात बांधून भाकरी द्यायच्या आणि दारातूनच परत जायच्या. एक दिवस त्या आत आल्या. फुटलेल्या भाकरीकडे पाहिलं, डब्यातलं चिमूटभर पीठ बोटांत चोळलं.

"मिस्त्री, पिठाची इरी गेली की. तुमची मोटार काय करंल?"

इरी म्हणजे विरी, ज्वारीच्या पिठाला धरून ठेवणारा चिकटपणा. जुनी ज्वारी, त्यात महिन्याचं पीठ एकदम दळून ठेवलं की ती जाते. हे आमच्या भागातल्या दहा वर्षांच्या पोरीलाही माहीत असतं. आबांना माहीत नव्हतं. सहा महिने ते मोटारीत चूक शोधत होते.

त्यांनी विचारलं, ज्वारी तर आधीही रेशनचीच होती, मग आमच्या घरी कशी जमायची? खालांनी सांगितलं की माझी आई उकळतं पाणी घालून पीठ मळायची. रोज. बोटं भाजायची तिची.

आबा बराच वेळ पाट हातानं फिरवत राहिले. मग त्या पाटालाच सांगावं तसं म्हणाले, "तेरा वर्सं खाल्ली. एकदाबी इचारलं न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायला सुरुवात केली. आत मोटार घरघरायची. तासाभरानं भाकऱ्या बाहेर यायच्या, कडेला जाड आणि लातूर वेगळं व्हायच्या आधीच्या जिल्ह्याच्या आकाराच्या. पण सबंध. मला एकदा तरी तो चालताना बघायचा होता. आबा आत येऊ देत नसत. "तू अब्यास कर. तो शिकून राहिलाय. कुनी बगितलं की बिचकतोय."

सातवीचा निकाल लागला आणि आत्या आली. ती मला न्यायलाच आली होती. तिच्या घरी राहायचं, घरकाम शिकायचं, शाळा बंद. आबांची ती थोरली बहीण, तिच्यापुढं ते कधी बोलत नसत. माझे कपडे तिनं पिशवीत भरले, पिशवी दाराशी ठेवली आणि म्हणाली, त्या लोखंडाच्या मानसानं मला एक भाकरी वाढावी, पोरीला इथंच सोडून जाते.

आबा आत गेले. कडी लागली. मोटार सुरू झाली. मी पिशवीजवळ बसून ऐकत होते. मोटारीचा आवाज एकसारखा होता, थापण्याचा मात्र तुटक. मध्येच थांबायचा, कुणीतरी दातांतून श्वास ओढायचं आणि पुन्हा थापटी सुरू व्हायची.

भाकरी आली. आबांनी एका हातानं ताट ठेवलं, दुसरा पाठीमागं धरला. आत्यानं भाकरी उचलून दाराच्या उजेडात धरली. तिच्यावर पाच बोटं उमटली होती.

"येशवंता, तुज्या मानसाला बोटं फुटली की रे."

"शिकून राहिलाय, अक्का."

"हात दाव तुजा."

आबांनी हात पुढं केला नाही. आत्यानं पुन्हा मागितला नाही. ती खाली मान घालून जेवायला बसली. सगळी भाकरी संपवली, ताटात पाणी ओतून हात धुतला आणि उठताना मला म्हणाली, "ऱ्हा हितंच. आन् त्याला सांग, आमटीत मीठ घालत जा म्हनावं."

मी आठवीत गेले. मग कॉलेजात, मग नोकरीला. सुट्टीत घरी आले की आबा आत जाऊन दार लावून घ्यायचे. पंख्याची मोटार कधीतरी जळून गेली. त्यांनी ती भरली नाही, पण दार लावायचं सोडलं नाही. मी बाहेर वाचत बसायचे. थापटीचा आवाज आता एकसारखा यायचा. ताट ठेवताना ते म्हणायचे, आज त्याला चांगली जमलीय. मी म्हणायचे, हाव. खरं काय, तो विषय आम्ही दोघांनी कधी काढला नाही.

गेल्या हिवाळ्यात आबा गेले. दुकानात आता मोबाइलचं सामान विकतात. मी नांदेडला मुलांना शिकवते आणि मेसचा डबा खाते. मला भाकरी करता येत नाही.