ठकूबाईची टोपी आणि सत्काराची शाल

एका जंगलात, बाळांनो, झाडं होती. मुद्दाम सांगते, कारण हल्ली जंगल म्हटलं की झाडं असतीलच असं नाही. पण या जंगलाला लागून एक उघडा माळ होता, आणि तिथे औषधालाही सावली नव्हती.

त्या माळावर ठकूबाई नावाची टिटवी राहायची. टिटव्या घरटं बांधत नाहीत. चार खडे बाजूला सारतात आणि उघड्यावरच अंडी घालतात. ठकूबाईनेही चार घातली. आणि वैशाख लागला.

भर दुपारचं ऊन अंड्यांवर पडलं तर पिल्लं आतच दगावतात. म्हणून टिटवी अंड्यांवर सावली धरून उभी राहते. अंड्यांना सावली आई देते, पण आईला कोण देणार? ठकूबाईचं डोकं तापायचं, डोळ्यांपुढे अंधारी यायची. एकदा तर ती अंड्यांवर कोसळता कोसळता वाचली.

"मी जरा सावलीत बसून उपाय शोधतो," नवरा म्हणाला. गेला तो गेलाच.

ठकूबाईने मात्र उपाय शोधला नाही, केला. सहलीला आलेली माणसं उशीचा एक जुना अभ्रा विसरून गेली होती. तिने तो टराटरा फाडला. बाभळीच्या काट्याची सुई केली, घायपाताचा दोरा ओवला आणि टोपी शिवली. वर गोल, भोवती रुंद घेर. घेर लोंबू नये म्हणून कापड दुहेरी घेतलं. टाके वाकडे, एक बाजू खाली, एक वर. दिसायला अगदी पालथं घातलेलं सूप. पण डोळे आणि मान सावलीत आली. ठकूबाई अंड्यांवर ठाम उभी राहिली.

गोष्ट इथेच संपायची. पण जंगलात शेजारीही असतात ना!

"अगंबाई!" वानरे मॅडम झाडावरून ओरडल्या. "टोपी हाताने शिवलीस?"

"मला हात आहेत कुठे?" ठकूबाई म्हणाली. टिटवीचं बोलणं मुळातच कर्कश.

झालं! वानरे मॅडमनी वडाखाली 'आपली टोपी आपणच शिवू' असा वर्ग काढला. सगळ्यांनी मान मोडेस्तोवर शिवण केली. कोल्ह्याने जरीची किनार लावली. हत्तिणीने वेलबुट्टी काढली. सशाने कानांसाठी भोकं ठेवली आणि भोकांना गोंडे लावले. खरंच सुरेख टोप्या झाल्या हो. मला स्वतःला सशाची फार आवडली.

दुसऱ्या दिवशी टळटळीत दुपारी कोल्हा माळावरून निघाला. बोडक्या डोक्याने.

"कोल्हेभाऊ, टोपी कुठाय?" ठकूबाईने विचारलं.

"घरी. एवढी जरीची टोपी उन्हात घालू? विटेल ना!"

"मग घालणार कधी?"

"ऊन उतरलं की," कोल्हा म्हणाला. त्याला घेरी येत होती, पण टोपी सुखरूप होती.

जंगलाचे अध्यक्ष होते पिसारेसाहेब. मोरच ते. त्यांना कुणाचा तरी सत्कार केल्याशिवाय अन्न गोड लागत नसे. ते सगळ्या मंडळींना घेऊन सकाळीच माळावर आले. ठकूबाईचा नवरा पहिल्या रांगेत बसला होता.

"टिटवीने समुद्र आटवल्याचं आपण ऐकून होतो," पिसारेसाहेब म्हणाले. "आज तिने सूर्य अडवला! मंडळी, ही नुसती टोपी नव्हे, हा आपला ठेवा आहे. आणि ठेवा कुणी उन्हात ठेवतं का?"

"नाही!" सगळे ओरडले. नवरा जरा जास्तच जोरात.

पिसारेसाहेबांनी ठकूबाईच्या डोक्यावरची टोपी अलगद काढली, वडाच्या ढोलीत नेऊन ठेवायला. बदल्यात तिच्या अंगावर शाल पांघरली.

"अहो साहेब, माझी अंडी!"

"अंड्यांचाही सत्कार करू. आधी फुटू तर द्या."

मंडळी वाजतगाजत निघून गेली. ऊन चढलं. ठकूबाई जिवाच्या आकांताने ओरडू लागली. वडाखाली सगळ्यांना ऐकू गेलं.

"बघा, किती आनंद झालाय बिचारीला," वानरे मॅडम म्हणाल्या.

बारा वाजले. ठकूबाईच्या पोटाखाली अंडी आणि डोक्यावर आग. तिला रडू आलं, आणि रडतानाच तिचं लक्ष शालीकडे गेलं. शाल सत्काराची होती, म्हणजे नावाचीच शाल. तिच्यात लोकर औषधालाही नव्हती. आरपार वारा जाईल इतकी विरळ आणि फुलासारखी हलकी.

अंड्यांवरून न हलता ठकूबाईने शाल टराटरा फाडली. जवळच ठेवलेल्या काट्या-दोऱ्याने उभ्याउभ्याच टोपी शिवली. घेर पहिलीपेक्षाही मोठा ठेवला. मग ऊन उतरल्यावर तिने टोपीवर शेण थापलं.

संध्याकाळी वानरे मॅडम आल्या. "हे गं काय डोक्यावर?"

"शेण पडलंय."

"शी!" म्हणून मॅडम पळाल्या. त्यानंतर माळावर कुणी फिरकलं नाही. ठकूबाई रोज दुपारी निवांत उभी राहिली, आणि एके सकाळी तिच्या पोटाखाली चारही पिल्लं चिवचिवली.

तात्पर्य : स्वावलंबन हा फार मोठा गुण आहे. तो चारचौघांच्या नजरेस पडू देऊ नये. एवढं करूनही सत्कार झालाच, तर भाषणाकडे लक्ष देऊ नये. शालीचं कापड चाचपून पाहावं.