आत किती गेलं, बाहेर किती आलं

आमच्या संस्थेत नवा पेनड्राइव्ह आला, तेव्हा डोमाभाऊ तो घेऊन शेजारच्या सोनाराकडे गेले आणि त्याच्या काट्यावर ठेवून वजन करून आले. संध्याकाळी तो गाण्यांनी गच्च भरल्यावर पुन्हा गेले. वजन तेवढंच. तोंड पाडून परत आले.

"बाई, एवढा माल भरला अन् गुंजभर बी नाई वाढला? काही खरं नाई याचं."

मूल गावच्या एका राइस मिलच्या काट्यावर वीस वर्षं उभा राहिलेला माणूस आहे हा. मिलमध्ये कॉम्प्युटरचा काटा आला. तो बिघडला की नागपूरहून दुरुस्तीला माणूस यायचा. त्याच्या पाठीमागे उभं राहून डोमाभाऊ कॉम्प्युटर शिकले आणि मिल सोडून आमच्याकडे आले. आमचं काम म्हणजे गावोगावच्या म्हाताऱ्या बायांची रोवण्याची, म्हणजे भात लावतानाची गाणी रेकॉर्ड करायची आणि बाईचं नाव, गाव, फोटो यांच्यासोबत डेटाबेसमध्ये ठेवायची. डोमाभाऊंच्या हाताखालून वजन झाल्याशिवाय एकही गाणं आत गेलं नाही. किती बाइट, ते जाड रजिस्टरात लिहायचे. बाइटला ते दाणे म्हणतात. आम्ही हसायचो. त्यांचं उत्तर ठरलेलं. "आत किती गेलं, बाहेर किती आलं? एवढं ज्याले मालूम, त्याले कोणी फसवत नाई."

लग्नाच्या पंगतीतही घास घ्यायच्या आधी नजरेनं घमेली मोजून ते यजमानाला सांगतात, की भात कमी पडणार. पडतोच. त्यामुळे लोक त्यांना बोलावतात जरा भीतभीतच. घरी एकटेच असतात, डबा स्वतः करून आणतात. दुपारी एक वाजला की कॉम्प्युटरची वायर कानात घालून मिनिटभर काहीतरी ऐकतात आणि मगच डबा उघडतात. धानाचे भाव ऐकत असतील, असं आम्ही धरून चाललो होतो.

आणि मग मी माती खाल्ली. डेटाबेसमध्ये बायांच्या नावांच्या जागी नुसता अगडबगड चिन्हांचा काला दिसायचा. ते मला बघवेना. एका शनिवारी ऑफिसात एकटीच बसून मी सगळा तक्ता एका फटक्यात मराठी अक्षरांत बदलून टाकला. नावं काय सुंदर दिसायला लागली! त्या खुशीत जुन्या बॅकअपवर नवा बॅकअपही चढवला. सोमवारी एकही गाणं वाजेना, एकही फोटो उघडेना. हे माझ्यामुळे झालं, हे मी कोणाला बोलले नाही. सरळ सांगते, घाबरले होते.

मंगळवारी दुपारी शोभाबाई आल्या. त्यांची आई गिरजाबाई आमच्याकडे गाऊन गेली होती. "माय गेली, भाऊ," त्या डोमाभाऊंना म्हणाल्या. "रविवारी तेरवी हाय. तिचा आवाज कोणापाशीच नाई, तुमच्यापाशीच हाय. तेवढा द्या."

डोमाभाऊंनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. मग म्हणाले, "देतो. शनिवारी या."

त्या गेल्यावर त्यांनी गिरजाबाईच्या गाण्याचं वजन काढलं. रजिस्टर न उघडताच जुना आकडा सांगितला. मी नंतर उघडून पाहिला, एका दाण्याचा फरक नव्हता.

"बाहेर जास्त आलं," ते म्हणाले. "बाई, माल चोरीले नाई गेला. फुगला. कोणीतरी पाणी मारलं."

"म्हणजे गेलं का सगळं?"

"काऊन जाईन? पाणी मारलेला माल वाळवता येते."

त्यानंतर चार दिवस हा माणूस खुर्चीवरून हलला नाही. एक वाजला की वायर हातात घ्यायचे आणि तशीच खाली ठेवायचे. जेवत का नाही विचारलं, तर "भूक नाई." कारण त्यांनी शोधून काढलं. कॉम्प्युटरनं नावांबरोबर गाणी आणि फोटोसुद्धा अक्षरंच समजून बदलले होते. एका दाण्याच्या जागी कुठे दोन दाणे झाले होते, कुठे तीन. आधी सगळ्याची एक प्रत काढून त्यांनी तिच्यावर उलटा बदल केला. वजन उतरलं, पण पुरतं नाही. गाणं मुकंच.

शुक्रवारी ते माझ्या टेबलापाशी आले. आवाज एकदम हळू.

"पाणी कोणी मारलं, मी विचारून नाई राह्यलो. किती खेपा मारलं, एवढंच सांगा. कमी वाळवलं त बुरशी धरते, जास्त वाळवलं त कणी होते."

माझे डोळे भरून आले. "दोनदा," मी म्हणाले. "पहिल्यांदा केल्यावर खात्री वाटली नाही, म्हणून पुन्हा केलं."

"बस," ते म्हणाले. "मंग दोनदा वाळवू."

शनिवारी एकाच्या सुमारास गिरजाबाईच्या गाण्याचं वजन रजिस्टरातल्या आकड्याशी दाण्याला दाणा जुळलं. डोमाभाऊ वायर कानात घालू लागले. मी म्हटलं, मलाही ऐकू द्या ना. ते जरा अडखळले, मग वायर कॉम्प्युटरमधूनच काढली. गिरजाबाई चिरक्या, ठाम आवाजात गायला लागली. पूर्ण गायली. मग खोकली, आणि रेकॉर्डिंग चालूच आहे हे न कळून म्हणाली,

"झालं का रे डोमा? पाह्य, तोंड कसं सुकलं. चाल, जेवून घे पयले."

धानाचे भाव कसले! मी डोमाभाऊंकडे पाहिलं. ते रजिस्टराकडे बघत होते.

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "शोभाबाईंना देताना शेवटचं बोलणं कापायचं का?"

"काऊन कापता? वजन कमी येईन ना!"

मग त्यांनी डबा उघडला. भात होता आणि वांग्याची भाजी. त्यातला अर्धा भात झाकणात काढून माझ्यापुढे सरकवला.

"घ्या, बाई. माय सांगून राह्यली ना."