डाव्या हाताची सुजाता

सुजाता भेटली की आधी डावा हात पुढे करायची. पाया पडणं नाही, नमस्कार नाही. उजव्या हाताची तीन बोटं कपाळाशी नेऊन कडक सलाम ठोकायची आणि मग डावा हात समोरच्याच्या पोटासमोर आणून धरायची. समोरचा तो धरत नाही तोवर मागे घ्यायची नाही. स्काउट-गाइडमधल्या मुली असाच हात मिळवतात, हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं. गावाला माहीत नव्हतं. गावाला डाव्या हाताचं एकच काम माहीत होतं.

"पोरी, या हातानं आमी काय करतो तुले माहीत नाई का?" गिरजाबाईंनी तिला भर चौकात विचारलं.

"माहीत हाये जी," सुजाता म्हणाली. "मी साबणानं धुतला हाये. तुमी धुतला का?"

गिरजाबाई सरपंचांच्या आत्या. त्यांना असं विचारणारं माणूस गावात तोवर जन्मलं नव्हतं. आता जन्मलं होतं आणि आठवीत शिकत होतं.

गोंडपिपरीहून आत, जंगलाला टेकून असलेलं ते गाव. ऐंशीच्या दशकात मी तिथल्या शाळेचा हेडमास्तर होतो. आता म्हातारा झालो, पण गाव सोडलं नाही. परवा शाळेच्या कार्यक्रमात मला शाल देऊन पहिल्या रांगेत बसवलं आणि एका तरुण वक्त्याने, जुन्या सरपंचांनी गावातून नारू कसा हद्दपार केला, ते छाती फुगवून सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पायऱ्यांच्या विहिरीवर तसा दगडही बसवलेला आहे, सरपंचांच्या नावाचा. मी दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत जाऊन म्हणालो, हा दगड खोटा आहे, काढा. तिथल्या पोराने मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाला, "सर, उनाचं हिंडू नका जी. तब्येत सांभाळा." म्हणजे मी खरं बोललो की मला ऊन लागलं. सरपंच खोटं बोलले की दगड लागतो. म्हणून हे लिहितो आहे.

ज्यांनी नारू पाहिला नाही त्यांनी देवाचे आभार मानावेत. दोऱ्यासारखा लांब जंत. पाण्यातून पोटात जातो, वर्षभर अंगात वाढतो आणि उन्हाळ्यात पायाला फोड आणून बाहेर डोकावतो. तो ओढून काढता येत नाही. तुटला तर पाय जातो. काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा बाहेर घ्यायचा. तोवर पायात निखारा ठेवल्यासारखी आग. मग माणूस काय करतो? पायऱ्या उतरतो आणि गार पाण्यात पाय बुडवून बसतो. जंत तिथेच आपली पिल्लं सोडतो. तेच पाणी गाव पितं. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा नवे पाय. वर्षानुवर्षं हे चक्र चालू होतं आणि लोक म्हणत, देवीचा कोप आहे.

आमच्या शाळेत गाइडची टोळी सुरू केली ती एका शिक्षिकाबाईंनी. सहा महिन्यांत त्यांची बदली झाली. शिट्टी, दोर आणि सहा मुली मागे राहिल्या. टोळीला फुलाचं नाव द्यायचं असतं. गुलाब, कमळ असं काहीतरी. सुजाता टोळीची नायिका. ती म्हणाली, "मोहफूल."

मी म्हणालो, "मोहाची दारू करतात. शाळेला शोभत नाही."

"दारू माणसं करतात, सर. फुलानं काय केलं?"

मी जास्वंद नाव दिलं. पण रोज सकाळी मैदानावर "मोहफूल, सावधान" असंच ऐकू यायचं.

कमरेला गुंडाळलेला दोर ती झोपतानाही सोडत नसावी. रस्त्यात मोकळी शेळी दिसली की बांधायची. शाळेचं फाटक, पिंपावरचं झाकण, माझी सायकल, सगळ्याला तिच्या गाठी. त्या फक्त तिलाच सुटायच्या. आणि तोंडात एकच वाक्य: "गाइडच्या नियमात हाये." हे वाक्य तिने कुठेही लावावं. विहिरीवर एक सासू सुनेला शिव्या देत होती, तर ही मध्ये पडून म्हणाली, "घागर डोईवर असताना शिवी देऊ नये, गाइडच्या नियमात हाये." नियमांचं पुस्तक माझ्या कपाटात होतं. त्यात सासू नव्हती, सून नव्हती, घागरही नव्हती. पण सासू गप्प बसली.

गाइडचा मोठा पुरस्कार मिळवायचा तर मुलीने स्वतः पुढे होऊन लोकसेवेचं काम उभं करावं लागतं. ते पाहायला जिल्ह्याहून कोणी येतं, मग दिल्लीला बोलावणं, राष्ट्रपतींच्या सहीचं प्रमाणपत्र. सुजाताच्या मोहल्ल्यातून तोवर कोणी चंद्रपूरसुद्धा नीट पाहिलेलं नव्हतं. तिला तो पुरस्कार हवा होता, आणि ते ती लपवत नव्हती. "दिल्लीले जाईन, राष्ट्रपतीले डावा हात देईन," असं तिने मला सांगितलं होतं.

मी सुचवलं, "झाडं लावा."

तिने खिडकीतून बाहेर पाहिलं. शाळेच्या कुंपणापासून साग सुरू व्हायचा तो थेट प्राणहिता नदीपर्यंत. "जंगलात झाडं लावायची, सर?"

तिने नारू निवडला. आता माझा संताप जिथून सुरू होतो ते सांगतो. सुजाता बौद्ध मोहल्ल्यातली. त्यांची विहीर वेगळी होती, कारण गावाने त्यांना पायऱ्यांच्या विहिरीवर कधी येऊच दिलं नव्हतं. त्यांची विहीर सरळ होती, दोर टाकून पाणी ओढायची. तिच्यात पाय बुडवायची सोयच नव्हती. म्हणून त्यांच्याकडे नारू नव्हता. ज्यांनी त्यांना पाण्यापासून दूर ठेवलं, त्यांचेच पाय सडत होते, आणि ही चौदा वर्षांची पोरगी त्यांचे पाय वाचवायला निघाली होती.

दिवाळीनंतर काम सुरू झालं. पहाटे सहाही जणी विहिरीवर; सुजाता वरच्या पायरीवरच, पाण्याला हात न लावता. कोरड्या पायरीवरूनच घागर भरायची, पाण्यात पाय घालायचा नाही आणि पाणी दुहेरी कापडातून गाळून न्यायचं. कापड म्हणजे मुलींच्या गळ्यातले निळे स्कार्फ. कोणाचं पाऊल खाली सरकलं की शिट्टी. पहिली शिट्टी सरपंचांनाच बसली. ते देवळात जाण्याआधी विहिरीत पाय धुवायचे.

"कोणावर शिट्टी वाजवून राह्यली व तू?" सरपंच म्हणाले. "ही विहीर माह्या आज्यानं बांधली."

"मंग आज्याच्या विहिरीत नारू काऊन सोडता जी?"

सरपंचांनी पाय मागे घेतला, पण ते वाक्य विसरले नाहीत. आठवड्याभरात कुजबुज सुरू झाली. तिच्या गळ्यातलं कापड आमच्या पिण्याच्या पाण्यावर? एकेका मुलीला घरच्यांनी काढून घेतलं. कोणाला घरी काम निघालं, कोणाला ताप आला, कोणाचं लग्न ठरलं. पुष्कळ घरांनी मात्र कापड घेतलं, हेही सांगायला हवं. बाया शहाण्या होत्या. पण सरपंचांचं घर, गिरजाबाईंचं घर आणि आणखी एक घर, या तीन घरांनी घेतलं नाही. त्यांना पायातला जंत चालत होता, पाण्यावरचं कापड चालत नव्हतं.

एके सकाळी मी सायकलवरून जाताना विहिरीजवळ थांबलो. सुजाता एकटीच होती. तिने शिट्टी फुंकली, "मोहफूल, सावधान" म्हणाली आणि हजेरी घेऊ लागली. "शालू?" मग जरा बाजूला सरकून स्वतःच, "हजर." "मंदा?" पुन्हा सरकून, "हजर." सहाही जागांवर ती एकटी सरकत गेली. मला हसू आलं. मी हसलो आणि सायकल पुढे काढली. हेडमास्तर म्हणून मी पाच घरांत जाऊन पाच बापांशी बोलू शकलो असतो. मला शाळेच्या नव्या खोल्यांसाठी सरपंचांची सही हवी होती.

पहाऱ्याचा पहिला उन्हाळा गेला, दुसऱ्या उन्हाळ्यात तपासणीला चंद्रपूरहून एक बाई आल्या. कडक इस्त्रीची साडी, गोड बोलणं. गावभर फिरल्या. दरवर्षी घरोघर नारू असायचा, त्या वर्षी फक्त तीन घरांत होता. कोणत्या तीन घरांत, ते सांगायला नको. सरपंच खाटेवर बसून होते, टाचेतून निघालेला नारू काडीला गुंडाळलेला.

"पाहा बाई," ते म्हणाले, "या पोट्टीनं काम केलं म्हणते. हा माहा पाय पाहा."

"तुमी कापड घेतलं नाई जी," सुजाता म्हणाली.

"ऐका. मोठ्या माणसाशी कशी बोलते. गावचं काम आमच्या तरुण मंडळाच्या पोरांनी केलं. ही नुसती शिट्टी वाजवत होती."

बाईंनी वही मिटली आणि सुजाताला नीट प्रश्न विचारला. "बाळ, तू म्हणतेस की तू रोज पहारा दिलास, कोणालाही पाण्यात पाय घालू दिला नाहीस. मग यांच्या घरी नारू आला कुठून? कोणीतरी पाय घातलाच असणार ना?"

सुजाताने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग बाईंकडे वळून म्हणाली, "एक दिवस मले उशीर झाला जी. तेवढ्यात कोणी घातला असन."

सरपंच मांडीवर हात मारून हसले. बाईंनी मला विचारलं, "हेडमास्तर, तुमचं मत?"

मी म्हणालो, "मुलगी मेहनती आहे, पण..."

पुढे काय म्हणालो ते आठवत नाही. काही म्हणायची गरजच राहिली नव्हती. त्या "पण"वर सगळं झालं. दिल्ली गेली, राष्ट्रपती गेले. बाईंचा दोष नाही. त्यांच्यापुढे गाव एका बाजूला होतं आणि मी गावाच्या बाजूला.

दुसऱ्या दिवशी पहाटे विहिरीवरून शिट्टी ऐकू आली. मी धावत गेलो. म्हणालो, "सुजाता, आता पुरस्कार नाही मिळणार."

"हो जी. पण नारूले कोण सांगन?"

दहावी होईपर्यंत ती तिथे उभी राहिली. सरपंचांच्या घरून त्यांची बायको मागच्या दाराने येऊन कापड घेऊन गेली. त्यानंतर गावात नारू झाला नाही. मग दगड बसला. सुजाता नर्सिंग शिकायला गेली. सिरोंच्याकडे कुठे नर्स आहे, तिकडची तेलुगू फाडफाड बोलते, असं ऐकतो.

आता त्या उशिराचं. सुजाता एकही दिवस उशिरा आली नव्हती.

पहाऱ्याच्या पहिल्या उन्हाळ्यात मी शाळेत मोजे घालून येत होतो. वैशाखात मोजे. पोरं हसायची. माझ्या घोट्याला नारू झाला होता. रोज प्रार्थनेनंतर नारूवर भाषण देणारा हेडमास्तर मी, कोणाला कसं सांगणार? आग सहन होईना, तेव्हा एका पहाटे सगळ्यांच्या आधी विहिरीवर गेलो, पायजमा वर घेतला आणि पाय पाण्यात सोडला. काय सुख झालं, खोटं कशाला बोलू. कळत नव्हतं असंही नाही. सगळं कळत होतं. तोच धडा मी शिकवत होतो.

वरच्या पायरीवर सुजाता उभी होती. शिट्टी तिच्या ओठांत होती. तिने ती वाजवली नाही.

ती खाली आली नाही. कमरेचा दोर सोडला, घरून आणलेल्या बादलीला बांधला आणि काठावरून पाणी ओढलं. त्या विहिरीचं पाणी तिच्या मोहल्ल्यातल्या कोणी काढलेलं गावाने पाहिलं असतं, तर काय झालं असतं ते तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. बादली तिने दूर पळसाखाली नेऊन ठेवली. "सर, इथी ठेवा पाय." मी ठेवला. आग शांत झाल्यावर ते पाणी तिने कोरड्या मातीत ओतलं, स्कार्फची घडी घालून घोट्याला बांधली आणि वर तिची ती गाठ मारली.

"कोणाला सांगू नको," मी म्हणालो.

"नाई सांगत जी. गुरुजीचा पाय झाकून ठेवायचा, गाइडच्या नियमात हाये."

मग तिने सलाम केला आणि डावा हात पुढे धरला. मी तो धरला. पण आधी मागे वळून पाहिलं, कोणी बघत नाही ना. ते तिने पाहिलं. तरी हात मागे घेतला नाही.

शाळेत जाऊन मी कपाटातून पुस्तक काढलं. सगळे नियम मला पाठ होते, तरी एकेक बोट ठेवून वाचले. गाइड विश्वासू असते, हे होतं. गाइड प्राण्यांवर प्रेम करते, हे होतं. गुरुजीच्या पायाचं काही नव्हतं.