सेक्शन दाखवा, अक्का

१६ मार्च १९३१, सोमवार. चुलीवर सोड्याच्या पाण्यात धुणं उकळत होतं, तेवढ्यात शेजारचे भास्करनाना बगलेत एक गुंडाळी घेऊन दारात उभे राहिले.

नाना कुठलाही पदार्थ अख्खा खात नसत. आधी मधोमध कापून आत बघत. जळगावातल्या एका इंजिनियरसाहेबांच्या कचेरीत ते नकाशे काढत. वस्तू बाहेरून कळत नाही, कापून दाखवावी लागते, असं त्यांचं मत. त्या कापल्या बाजूला ते सेक्शन म्हणत. "सेक्शन दाखवा, अक्का," म्हणून त्यांनी एकदा माझ्या मोदकाला सुरी लावली आणि भिंत एका अंगाला जाड असल्याचं सांगितलं. तेव्हापासून मी सुरी लपवून ठेवते. एकटा माणूस म्हणून सणावारी ताट देते, एवढंच.

कापसाचा भाव बसला आणि सरकी काढायचे नवे कारखाने, म्हणजे जिन, बांधणं थांबलं. कचेरीत नाना आणि गोविंदा दोघेच उरले होते. साहेबांना एकच परवडत होता. कमी पगाराचा म्हणून गोविंदा राहिला. नानांना त्यांचे जुने नकाशे मिळाले, रद्दी म्हणून. एरवी शुद्ध बोलणारे नाना त्या दिवशी माझ्या ओट्यावर बसून गावची अहिराणी बोलले, "त्यानी रेघ बठ्ठी वाकडी शे, अक्का." म्हणजे गोविंदाची रेघ सगळी वाकडी. गोविंदाला रेघ मारायला नानांनीच शिकवलं होतं. पुढे महिनाभर त्याचं नाव निघालं की ते उठून जात.

आज त्यांनी गुंडाळी उलगडली. धरणगावच्या जिनचा नकाशा, खळ लावलेल्या कापडावर काढलेला. याला ते कुणाला बोटही लावू देत नसत.

"खळ गेली की आत मलमल आहे," ते म्हणाले. "गोविंदाला मुलगी झाली. झबली होतील?"

"शाई जाईल, नाना."

"जाऊ द्या."

मी धुणं बाहेर काढलं आणि कापड उकळत्या पाण्यात सोडलं. जिनचं धुरांडं आधी विरघळलं. नाना पाठ करून उभे होते. तीन झबली होतील, असं मी सांगितलं.

"शिवण आतून मऊ ठेवा," ते म्हणाले. "बाहेरून कशीही चालेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी झबली बेतली. सण नव्हता, तरी पुरण घातलं. पहिली पोळी मधोमध कापली आणि नानांना देऊन आले.